जुन्या डीआय पिकअपचं इंजिन घरच्या शेडमध्ये बांधायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: घरी २००६ ची महिंद्रा पिकअप आहे, २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. इतकी वर्षं भाजीपाला आणि खताची पोती वाहिली. आता निळा धूर मारते, ऑइल खाते, चढाला दम राहिलेला नाही. गॅरेजवाल्याने गाडी बघून ‘फुल इंजिन करावं लागेल’ म्हणून सांगितलंय. विचारणाऱ्याने क्लचप्लेट, ब्रेक, सर्व्हिसिंग स्वतः केलेलं आहे, इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. स्वतः बांधायला घेतलं तर जमेल का?

जमेल. शिकायला हे इंजिन चांगलं आहे. कॉमन रेल नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, टायमिंग गिअरवर आणि वॉल्व्ह पुशरॉडवर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १०१.६ मिमी, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच; स्ट्रोक मोठा असल्यामुळे कमी आरपीएमला ओढणारं, ट्रॅक्टरच्या जातीचं यंत्र. सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात.

फक्त ‘स्वतः बांधणं’ म्हणजे काय ते आधी ठरवून घ्या. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं सरफेसिंग, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन ही कामं तुमची नाहीत. गॅरेजवालाही ती मशीन शॉपकडे आणि पंपवाल्याकडेच पाठवतो. तुमच्या वाट्याला उरतं खोलणं, धुणं, मोजणं आणि जुळवणं. इंजिन किती टिकणार हे बहुतेक वेळा मधल्या दोन कामांवर ठरतं, आणि गॅरेजमध्ये वेळ मिळत नाही तो नेमका त्याच दोन कामांना, कारण दारात पुढची गाडी उभी असते. तुमच्याकडे अनुभव नाही, पण वेळ आहे. तो वेळ पाने फिरवण्यात न घालवता या दोन कामांवर खर्च करा.

पहिला पाना लावायच्या आधी गाडी स्वतः तपासा. ‘फुल इंजिन’ हे निदान पुष्कळदा नुसत्या कानाने केलेलं असतं. इंजिन गरम करा आणि चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उचला. थोडी वाफ येणारच. पण झाकण उडायला लागलं, धुराचे लोट ठोके मारत बाहेर आले, तर बॅक कंप्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरचा दाब रिंगांवरून खाली गळतोय. रिंगा आणि बोअर संपलेत. झाकणाखाली विशेष काही नाही आणि निळा धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर येतो, तर संशय वॉल्व्ह गाइड आणि सीलवर घ्या. तेवढ्यासाठी हेड उतरवलं तरी पुरतं. गाडीला टर्बो असेल तर टर्बोचा इनटेककडचा होज काढून बघा. आत ऑइल साचलेलं असेल आणि शाफ्ट बोटाने वर-खाली हलत असेल, तर इंजिन ठीक असून टर्बोच ऑइल ओतत असू शकतो. धूर काळा असेल तर गुंता हवेचा किंवा डिझेल पंपाचा आणि नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग). सतत पांढरा असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर.

मग कंप्रेशन घ्या. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, तो साधारण ३०० पीएसआयपर्यंतच असतो. निरोगी डिझेल ४०० च्या आसपास दाखवतं. गेज पंपवाल्याकडून भाड्याने मिळतो. चारही नोझल काढा, पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहा. एकेकट्या आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलतो. चारही सारखेच खाली असतील तर सगळी झीज एकसारखी आहे. शेजारचे दोनच खाली असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

खर्चात पडायच्या आधी कागदपत्रांकडेही एकदा बघा. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दरवर्षी लागतो, आणि १५ वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. चासी गंजून पापुद्रे सुटत असतील तर चांगलं इंजिन त्या गाडीत घालून उपयोग नाही. भंगार बाजारातून ‘तयार’ हाफ इंजिन (क्रँक-पिस्टनसकट ब्लॉक) आणायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो, आणि त्या ब्लॉकच्या पोटात काय आहे ते तुम्हाला कोणी सांगत नाही. ब्लॉकला चीर गेलेली नसेल तर आपलाच ब्लॉक बांधा.

आता खोलणं. इंजिन दोनशे किलोच्या वर भरतं. शेडच्या पत्र्याच्या अँगलला चेन ब्लॉक टांगू नका. जाड पाइपची तिपाई किंवा भाड्याची क्रेन आणा आणि लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही घालू नका. बोनेट, रेडिएटर, पुढची जाळी आधी उतरवली तर काम निम्म्याने सोपं होतं. वायरिंगला चिकटपट्टी लावून नावं लिहा. प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्कर. फोटो तर काढालच, पण भाग सुटल्यावर काढलेल्या फोटोचा उपयोग नसतो. सोडायच्या आधी दोन बाजूंनी काढा.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत या. एकदम एका कडेचे सोडलेत तर हेड वाकतं. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचा. मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर नंबर असतात. नसतील तर सेंटर पंचाने ठिपके मारा, एकाला एक, दोनाला दोन, आणि कुठली बाजू पुढे ती खूणही करा. या कॅप ज्याच्या त्याच जागी आणि त्याच दिशेने बसतात, कारण भोक कॅप लावूनच मशीन केलेलं असतं. अदलाबदल झाली तर क्रँक जाम होईल, किंवा जाम न होता दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग खाईल. दुसरं जास्त वाईट.

पिस्टन वर काढायच्या आधी बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवा. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे एक पायरी लागेल. तिच्या वरचा भाग मूळ मापाचा आणि खालचा झिजलेला. नख अडकून थांबत असेल तर पिस्टन जोर लावून ठोकू नका, रिंगांचे कठडे तुटतात. आधी कार्बन खरवडा आणि पायरी काढून घ्या.

आता घाई पूर्ण थांबवा. भाग धुवायच्या आधी बाकावर क्रमाने मांडा आणि वाचा. बेअरिंगच्या चकत्या सगळ्यात जास्त बोलतात. राखाडी, गुळगुळीत, सारखी झीज म्हणजे वय झालंय, एवढंच. एकाच दिशेच्या बारीक उभ्या रेघा म्हणजे ऑइलमधून कचरा फिरला. खालचा तांब्याचा थर उघडा पडलेला असेल तर ऑइलचं प्रेशर बराच काळ कमी होतं, आणि मग ऑइल पंप आणि रिलीफ वॉल्व्ह न तपासता नवीन चकत्या घालणं म्हणजे पैसे जाळणं. झीज एकाच कडेला जास्त असेल तर रॉड वाकलेला आहे का ते मशीन शॉपला बघायला सांगा.

पिस्टनही तसेच. वरची रिंग पार पातळ झालेली, बोअर वरच्या टोकाला खूप खाल्लेला आणि खाली जवळजवळ नवा, हे धुळीचं लक्षण. एअर क्लीनरपासून इनटेकपर्यंतचा रबरी होज हातात घेऊन वाकवा. घडीत चीर असते, किंवा क्लिपच्या जागी कोणीतरी तार बांधलेली असते. ऊसतोडीच्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं इंजिन त्या एका चिरेतून संपतं, आणि तो होज तसाच ठेवून इंजिन नवं केलं तर तेही त्याच वाटेने जातं. शेवटच्या सिलिंडरचा पिस्टन घासलेला, बाकीचे ठीक, तर ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत डोकवा. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं असेल तर आत क्षाराचा थर दगडासारखा जमलेला असतो, आणि मागच्या सिलिंडरपर्यंत पाणी पोचतच नाही. तो थर ब्लॉकमधून आणि रेडिएटरमधून दोन्हीकडून निघाला पाहिजे. पुढे कूलंट घाला. फक्त पाणी असा हिशेब करू नका.

थोडक्यात, इंजिन कशाने गेलं याचं उत्तर मिळाल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

मोजायला दोन गोष्टी लागतात, मायक्रोमीटर आणि बोअर गेज. विकत घ्यायची गरज नाही. चांगला मशीन शॉपवाला तुमच्यासमोर माप घेतो. न घेणारा असेल तर दुसरीकडे जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास पर्याय असतात. बोअर वर, मधे आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घ्या. पिस्टन बाजूला दाबला जातो त्या दिशेला झीज जास्त, त्यामुळे बोअर अंडाकृती होतो. वर-खालीचा फरक ०.१० मिमीच्या पुढे गेला असेल तर ‘नुसत्या रिंगा टाकून देतो’ याला होकार देऊ नका. नवी गोल रिंग त्या अंडाकृती बोअरला कधीच नीट बसत नाही. क्रँकच्या जर्नलचंही (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) तसंच. ग्राइंडिंग ०.२५ किंवा ०.५० मिमीच्या टप्प्यात होतं आणि चकत्या त्याच मापाच्या येतात. जर्नल पॉलिशने भागत असेल तर ग्राइंडिंग करू नका.

क्रम असा ठेवा: माप, मग पिस्टन किंवा लायनरची खरेदी, मग पिस्टन हातात देऊन बोअरिंग. बोअर त्या पिस्टनच्या मापावर करायचा असतो, कॅटलॉगच्या नाही. बोअर करून ठेवलाय, आता पिस्टन आणतो, असं उलटं करू नका. हेडचं प्लेनिंग गरजेपुरतंच सांगा, आणि ब्लॉकचा फेस तर वाकडा असल्याशिवाय मारूच देऊ नका. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यात अंतर अगदी थोडं असतं. फेस खाली गेला की पिस्टन वर येतो आणि वॉल्व्हला भिडतो. पंप आणि नोझल त्याच सुमाराला कॅलिब्रेशनला द्या. जुने मेकॅनिक अजून त्याला मायको (बॉशचं भारतातलं जुनं नाव) पंपच म्हणतात. ठिबकणारं नोझल नवीन बोअरची भिंत धुऊन काढतं, म्हणून इथे काटकसर करू नका.

मशीन शॉपमधून भाग परत आले की ते चकचकीत दिसतात. ते स्वच्छ नसतात. होनिंगच्या (बोअर आतून घासायच्या) दगडाची पूड बोअरच्या आडव्या-तिरक्या रेघांत बसलेली असते आणि ती डिझेलने निघत नाही. डिझेल तिला फक्त पसरवतं. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि कडक ब्रश घ्या, बोअर घासून घासून धुवा. मग धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर थोडं ऑइल घेऊन आतून फिरवा. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवा. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा, आणि झालं की लगेच ऑइल लावा, नाहीतर पाऊण तासात गंजाचा तांबूस पापुद्रा धरतो. क्रँकच्या आतली ऑइलची भोकं तितकीच महत्त्वाची. प्लग असतील तर काढून बाटली धुवायचा लांब ब्रश आरपार घाला आणि हवा मारा. ग्राइंडिंगची पूड त्या भोकात राहिली तर पहिल्या स्टार्टलाच ती नव्या चकत्यांवर जाते. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचंही तसंच करा. या कामाला एक अख्खा दिवस द्या आणि त्या दिवशी शेडमध्ये झाडू मारू नका.

बांधताना पहिले मेन बेअरिंग. चकती बसवायच्या आधी तिची पाठ आणि तिची जागा कोरडी पुसा. ऑइल लागतं ते फक्त आतल्या बाजूला. वरच्या चकतीला ऑइलचं भोक आणि खोबण असते. ती ब्लॉककडे गेली पाहिजे, आणि चकतीचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळतंय हे डोळ्यांनी बघा. काही सेटमध्ये वरची आणि खालची चकती दिसायला जवळजवळ सारखी असते. बिनभोकाची वर बसली की त्या जर्नलला ऑइलच मिळत नाही. आता प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणारा मापाचा मऊ धागा) तुकडा जर्नलवर ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, क्रँक न फिरवता पुन्हा सोडा आणि चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी लावा. ढोबळ नियम असा, की जर्नलच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच गाळा (मोकळी जागा). शेवटचा शब्द मात्र मॅन्युअलचा. थ्रस्ट वॉशरची खोबणीची बाजू क्रँककडे ठेवा.

सगळे मेन आवळून झाल्यावर क्रँक हाताने फिरवा. दोन बोटांनी जड तेलात फिरल्यासारखा सरकला पाहिजे. अडकला तर पुढे जाऊ नका. एकेक कॅप सैल करत जा, ज्या कॅपला मोकळा होईल तिथे दोष आहे. हीच परीक्षा प्रत्येक पिस्टन बसवल्यावर पुन्हा करायची. रिंगांमुळे जडपणा वाढत जाईल, पण सारखा वाढेल. एखाद्या पिस्टननंतर एकदम जड झालं तर तो रॉड पुन्हा उघडा. चारही बसवून झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

रिंगांचा गाळा प्रत्येक सिलिंडरमध्ये स्वतंत्र मोजा. रिंग बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करा, मग टोकांमध्ये फिलर गेज. या बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमीच्या आसपास असायला हवं. कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकाला टोक लागून बोअर फाडते. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर, आणि तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण किंवा खूण मॅन्युअलप्रमाणे, कारण डोक्यातली वाटी नोझलच्या समोर यावी लागते. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा म्हणजे आत उतरताना जर्नलला ओरखडा पडणार नाही. पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ढकलायचा. कुठे अडला की थांबा, रिंग बाहेर आलेली असते.

टायमिंग गिअरच्या खुणा जुळवून फोटो काढा, मगच कव्हर लावा. हेड बसवायच्या आधी बोल्टांच्या बंद भोकांतलं पाणी-ऑइल हवेने बाहेर काढा. भोकात द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकतो. हेड मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना उधार आणा, पण आणाच. टॅपेट (वॉल्व्हचा गाळा) लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ लक्षात ठेवा: चौथ्याचे दोन्ही वॉल्व्ह एकदम हलत असताना पहिल्याचे टॅपेट, तिसऱ्याचे हलत असताना दुसऱ्याचे, आणि उलटही तसंच. सगळं लावून झालं की क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही ठक् करून थांबलं तर स्टार्टरला हात लावू नका.

पहिल्या स्टार्टच्या आधी ऑइल फिल्टर भरून लावा, स्टॉप लिव्हर ओढून ठेवा आणि थोडं थोडं क्रँकिंग करत ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा, स्टार्टरला मधेमधे विसावा देत. मग डिझेलची हवा काढा आणि स्टार्ट. इनटेकच्या तोंडापाशी एक जाड फळी हाताशी ठेवा. डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटतं, तेव्हा चावी बंद करून ते थांबत नाही. हवा बंद केली तरच थांबतं. फळीने तोंड दाबायचं, तळहाताने नाही.

चालू झालं की तासभर नुसतं आयडलवर सोडू नका. रिंगा बोअरला बसायला दाब लागतो आणि तो लोडशिवाय येत नाही. दहा-पंधरा मिनिटांत गळती, प्रेशर, तापमान बघून गाडी रस्त्यावर काढा. रिकामी किंवा अर्ध्या मालाने, गिअर बदलत, एकाच वेगाला न चालवता. ऑइल साधं मिनरल १५डब्ल्यू-४० पुरे. सुरुवातीला सिंथेटिकच्या नादी लागू नका. थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा बघा, आणि गॅस्केटच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेडही पुन्हा आवळा. पीयूसीला घाईने जाऊ नका. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं एकक) आहे आणि पंप कॅलिब्रेट झालेलं निरोगी इंजिन त्यात सहज बसतं, पण रिंगा बसायला थोडे किलोमीटर जाऊ द्या.

पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला फिल्टरसकट बदला. ते काळं झालेलं असेल, डिझेलमध्ये होतंच. उतरवलेला फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद उन्हात उलगडा. लोखंडाची बारीक करडी पूड थोडी दिसेल, ती चालते. तांबूस किंवा पिवळी चमक दिसली तर गाडी आहे तिथेच उभी करा, चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवा आणि बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं) आधी बघा.